आधी विषय नको, आधी बोलणं

ताई, नमस्कार. आम्ही गेली बरीच वर्षं इंग्लंडमध्ये रेडिंगला राहतो. मुलगी सानिका इयर ट्वेल्वला आहे. ए-लेव्हलला, म्हणजे इथल्या शाळेच्या शेवटच्या परीक्षेला, तिने मॅथ्स आणि सायकॉलॉजीबरोबर इंग्लिश लँग्वेज घेतलंय, बोर्ड एक्यूए. जुलैत सुट्टी लागायच्या आत तिला ‘लँग्वेज इन्व्हेस्टिगेशन’चा विषय शाळेत द्यायचा आहे आणि त्यावरून घरात रोज खडाजंगी. आधी तिने ‘सोशल मीडियाचा इंग्रजीवर परिणाम’ ठरवलं. मॅडम म्हणाल्या, फार मोठं आहे. मग ‘बायका आणि पुरुष वेगळं बोलतात का’ हे काढलं. तिचे बाबा म्हणतात, एआयवर कर, सध्या त्यालाच मार्क आहेत. मी म्हटलं, आपल्या भारतीय इंग्रजीवर कर, तर म्हणते, ‘आई, एम्बॅरसिंग आहे ते.’ चॅटजीपीटीने विषयांची पानंच्या पानं दिली, त्याने ती आणखीच गोंधळली. वर तिची स्वतःची भाषा बघा. परवा धाकट्या भावावर ओरडत होती, ‘आय टोल्ड यू ना, डोन्ट टच इट!’ धड इंग्रजी नाही, धड मराठी नाही. रविवारी नाशिकच्या आजीशी व्हिडिओ कॉलवर बोलते तेव्हाही अशीच खिचडी. मी मराठी माध्यमातली, कॉमर्सची. मला यात काही मदत करता येत नाही. कुठला विषय घ्यावा, तुम्हीच सांगा.
— मेधा, रेडिंग

मेधाताई,

तुमच्या पत्रातले चारही विषय माझ्या ओळखीचे आहेत. इथल्या सिक्स्थ फॉर्मला, म्हणजे शाळेच्या शेवटच्या दोन वर्षांना, इंग्लिश लँग्वेज शिकवणाऱ्या कुणालाही विचारा, दर उन्हाळ्यात मुलांच्या फॉर्मवर हेच चार विषय आलटून पालटून येतात. ते वाईट आहेत असं नाही. त्यांच्यावर लोकांनी आख्खी आयुष्यं घालवलीत, हीच तर अडचण आहे.

ज्या वाचकांच्या घरी हे प्रकरण अजून आलेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. एक्यूएच्या ए-लेव्हल इंग्लिश लँग्वेजमध्ये परीक्षेच्या दोन पेपरांखेरीज एक कोर्सवर्क असतं. ते १०० मार्कांचं, एकूण ए-लेव्हलच्या २० टक्के. त्यातले ५० मार्क या इन्व्हेस्टिगेशनचे. उरलेले ५० स्वतःच्या एका लेखनाचे आणि त्यावरच्या टिपणाचे. इन्व्हेस्टिगेशन साधारण २००० शब्दांचं. मुलांनी खरीखुरी, कुणीतरी बोललेली किंवा लिहिलेली भाषा गोळा करायची, तिला एक प्रश्न विचारायचा आणि उत्तर शोधायचं. गोळा केलेला मजकूर या २००० शब्दांत धरत नाहीत. पण प्रस्तावना, माहिती कशी गोळा केली ते, विश्लेषण, निष्कर्ष असं सगळं त्यातच बसवायचं. तुम्ही आत्ता वाचताय ते हे उत्तरही साधारण तेवढंच आहे. एवढ्या जागेत ‘सोशल मीडियाचा इंग्रजीवर परिणाम’ कुठे मावणार?

मॅडम ‘मोठं आहे’ म्हणाल्या ते बरोबरच, पण मला खुपतो तो ‘परिणाम’. परिणाम दाखवायचा तर आधीची भाषा हवी, नंतरची हवी, आणि मधल्या काळात दुसरं काहीच बदललं नाही याची खात्री हवी. यातलं एकही सतरा वर्षांच्या मुलीच्या हातात नाही. मग मुलं काय करतात? वर्गातल्या मित्रांना प्रश्नावली वाटतात: ‘तुम्हाला वाटतं का की सोशल मीडियामुळे इंग्रजी बिघडलं?’ बारा जण हो म्हणतात, आठ जण नाही. त्याचा पाय चार्ट होतो आणि सगळ्या प्रकल्पात भाषेचा एक नमुनाही येत नाही. फॉर्मवर ‘परिणाम’, ‘प्रभाव’ किंवा ‘भूमिका’ दिसली की मी तो मुलांच्या हातात परत देते.

बायका-पुरुषांचा विषय यापेक्षा फसवा आहे, कारण त्याला पुस्तकांचा आधार मिळतो. इथल्या प्रत्येक विद्यार्थ्याला झिमरमन आणि वेस्ट पाठ असतात. कॅलिफोर्नियातल्या या दोघांचा १९७५ चा अभ्यास असा: एक बाई आणि एक पुरुष यांच्यातल्या ११ संभाषणांत कुणी कुणाला मध्येच तोडलं ते मोजलं. ४८ वेळा तोडलं गेलं आणि त्यातल्या ४६ वेळा तोडणारा पुरुष होता. आकडा इतका देखणा की मुलांना तो पुन्हा सिद्ध करायचा मोह होतो. पुढे मानसशास्त्रज्ञ जेफ्री बीटी यांनी साधीच शंका काढली. ११ संभाषणांत एखादा फारच बडबड्या पुरुष असेल तर सगळं पारडं त्याच्या एकट्यानेच झुकेल, नाही का? आता विचार करा, ११ संभाषणांची ही गत, तर सानिकाकडे तीन असतील. ती आधीच ठरवून जाईल की पुरुष मध्ये बोलतात, आणि बाबांनी एकदा तोंड उघडलं की वहीत खूण! शोधायचं काही उरतच नाही.

बाबांच्या सूचनेवर जास्त शाई घालवत नाही. मार्क विषयाच्या ताजेपणाला नसतात, भाषा किती बारकाईने वाचली याला असतात. यंत्राने लिहिलेला मजकूर अभ्यासता येतो. पण नेमकं काय विचारलं म्हणून त्याने असं लिहिलं, हे समजावण्यातच निम्मे शब्द खर्ची पडतात. आणि विषय सुचवायला त्याला विचारलंत, ते याच आठवड्यात देशभरातल्या किती घरांत विचारलं गेलं असेल! सुचवण्यापुरतं ठीक आहे, पण त्याचा वापर केला तर तो कामात नोंदवावा लागतो आणि त्याचं लिखाण आपलं म्हणून दिलं तर तो परीक्षेतला गैरप्रकार धरला जातो. काम माझंच आहे अशी सही सानिकाला करावी लागणार आहे, हे बाबांच्याही लक्षात असू द्या.

आता तुमची सूचना. ‘भारतीय इंग्रजी’ हाही गावभर पसरलेला विषय. मुंबईच्या कोर्टातलं इंग्रजी, चेन्नईच्या कॉल सेंटरमधलं, नाशिकच्या लग्नपत्रिकेतलं, कुठलं घ्यायचं? पण सानिकाचा ‘एम्बॅरसिंग’ मला सोडून द्यावासा वाटत नाही, कारण इथल्या भाषाशास्त्रातलं एक फार गाजलेलं काम अशाच अवघडलेपणातून निघालंय.

जॉन गंपर्झ या अमेरिकन भाषाशास्त्रज्ञाचं नाव सानिकाने ऐकलं नसेल तर ऐकायला हवं. १९७० च्या दशकात ब्रिटनमधल्या एका मोठ्या विमानतळाच्या कर्मचारी कॅन्टीनमध्ये भारतीय आणि पाकिस्तानी बायका नव्याने कामाला लागल्या होत्या. त्यांच्या सुपरवायझरची आणि जेवायला येणाऱ्या माल-कामगारांची तक्रार अशी की या बायका उर्मट आहेत. बायकांचं म्हणणं, आमच्याशी भेदभाव होतो. गंपर्झ यांनी बोलण्याचं रेकॉर्डिंग केलं. सापडलं काय, तर एकच शब्द: ग्रेव्ही. जेवणात मांस घेणाऱ्याला ‘ग्रेव्ही हवी का’ असं विचारायचं असतं. इंग्रज बाई म्हणायची ‘ग्रेव्ही?’ आणि आवाज वर न्यायची. आपल्या बायका म्हणायच्या ‘ग्रेव्ही.’ आणि आवाज खाली आणायच्या. त्यांच्या कानाला ते विचारणंच होतं. समोरच्याला वाटायचं, ही सांगतेय की ही ग्रेव्ही आहे, घ्यायची तर घे. ते रेकॉर्डिंग दोन्ही बाजूंना ऐकवलं तेव्हा कुठे गाठ सुटायला लागली. मेधाताई, तुम्ही पाहुण्यांना ‘टी’ म्हणून विचारता तेव्हा तुमचा आवाज कुठे जातो, ते एकदा बघा.

हेच गंपर्झ त्याआधी आपल्याकडे येऊन गेले होते. सांगली जिल्ह्यातल्या, कर्नाटकच्या सीमेजवळच्या एका गावावर त्यांनी रॉबर्ट विल्सन यांच्याबरोबर १९७१ मध्ये निबंध लिहिला. त्यात गावाचं नाव ‘कुपवार’ असं येतं. गावात मराठी, कन्नड आणि उर्दू पिढ्यान्‌पिढ्या शेजारी नांदलेल्या. त्यांना आढळलं की शब्द आपापले राहिले, पण वाक्यांची घडण इतकी जवळ आली की एका भाषेतलं वाक्य शब्दाला शब्द ठेवून दुसरीत नेता यावं. पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या सोनल कुलकर्णी-जोशी यांनी पुढे चाळीसेक वर्षांनी त्याच गावात जाऊन हा दावा पुन्हा तपासला. ही माहिती सानिकाने प्रकल्पात कोंबावी म्हणून सांगत नाही. तिला जी लाजिरवाणी सरमिसळ वाटते आणि तुम्हाला खिचडी, ती जगभरच्या अभ्यासकांनी सांगलीपर्यंत प्रवास करून ऐकली, एवढं कळलं तरी पुरे.

इथून पुढचं सानिकासाठी लिहितेय. तिला देवनागरी वाचायचा कंटाळा असेल तर तुम्ही वाचून दाखवा.

सानिका, तुझा विषय आईच्या पत्रात आहे. तिने तक्रार म्हणून लिहिलाय. ‘आय टोल्ड यू ना, डोन्ट टच इट!’

हा ‘ना’ तिथे काय करतोय ते बघ. तू भावाला काही विचारत नाहीयेस. तुला उत्तर नकोय. ‘मी सांगितलं होतं, तुला माहीत आहे, तरी तू ते केलंस’ हे सगळं त्या एका अक्षरात आलंय. आता ‘कम ना’ म्हणून बघ. इथे ओरडणं नाही, लाडीगोडी आहे. ‘यू आर कमिंग, ना?’ हा तिसरा. इथे मात्र खरोखर विचारणं आहे, इंग्रजीत ‘आरन्ट यू’ येतं तिथे. आई मराठी बोलते तेव्हा तिच्याकडे चौथाही असतो: ‘मी ना, आज दमलेय.’ वाक्य सुरू होतं न होतं तोच येतो आणि ऐकणाऱ्याला जवळ ओढतो. हा चौथा तुझ्या इंग्रजीत आलाय का? ‘आय ना, वॉज थिंकिंग’ असं तू किंवा तुझा भाऊ कधी म्हणता का? मला उत्तर माहीत नाही, आणि चांगल्या प्रश्नाची खूण माझ्या मते हीच.

आता दुसऱ्या बाजूने बघ. शाळेत तुझ्या आजूबाजूला ‘इनिट’ चालतं, म्हणजे ‘इझन्ट इट’चं बोलीतलं रूप. ‘आरन्ट यू’, ‘डझन्ट शी’, ‘कान्ट वी’ यांना क्रियापदाप्रमाणे आणि माणसाप्रमाणे बदलावं लागतं. ‘इनिट’ बदलत नाही, ‘ना’सुद्धा बदलत नाही. मग एकाच्या जागी दुसरं बसतं का? ‘यू आर कमिंग, इनिट’ बसतंय. ‘कम, इनिट’ म्हणून बघ मैत्रिणींसमोर. हसतील. म्हणजे विनवणीचं जे काम ‘ना’ करतो, ते इंग्रजीत ‘प्लीज’कडे किंवा आवाजाच्या चढउताराकडे जातं. असे दोन-तीन फरक नीट दाखवलेस, प्रत्येकाला नमुना दिलास, की तुझं विश्लेषण झालं.

बायका-पुरुषांचा विषय फेकून दे असंही नाही. वाक्याच्या शेपटीला लागणाऱ्या या प्रश्नांवरच तर तो वाद झाला. भाषाशास्त्रज्ञ रॉबिन लेकॉफ यांनी १९७५ मध्ये मांडलं की बायका असे प्रश्न जास्त लावतात आणि त्यातून त्यांची अनिश्चितता दिसते. न्यूझीलंडमध्ये काम केलेल्या जॅनेट होम्स यांनी प्रत्यक्ष बोलणं तपासून दाखवलं की या शेपट्या नाना कामं करतात: कधी खात्री करून घेतात, कधी गप्प बसलेल्याला बोलतं करतात, कधी कडक शब्दाची धार कमी करतात. होम्स यांची ही विभागणी ‘ना’ला लावून बघ. तुझ्या पहिल्या उदाहरणाला ती पुरत नाही असं वाटलं तर तसं लिही. पुस्तकातला चौकोन कुठे अपुरा पडला, हे सांगणारा विद्यार्थी परीक्षकाला आवडतोच. ‘ब्राउन आणि लेव्हिन्सन म्हणतात म्हणून हे विनम्र आहे’ असली, विनम्रतेच्या सिद्धांतवाल्यांची नावं फेकणारी वाक्यं मात्र नकोत.

आता अडचणी. पहिली मीच करून ठेवली आहे. हे वाचल्यापासून तुझा स्वतःचा ‘ना’ कामाचा राहिला नाही. बोलताना तुला तो ऐकू येणार, मग तू तो टाळणार किंवा मुद्दाम पेरणार. भाषाशास्त्रज्ञ लेबॉव्ह यांचा निरीक्षकाचा पेच वर्गात झाला असेलच: लोक पाहत नसताना कसे बोलतात ते पाहायचंय, आणि पाहिल्याशिवाय ते कळणार नाही. म्हणून भाऊ आणि चुलत-मावस भावंडं यांच्या बोलण्यावर भर दे, आणि अभ्यास ‘घरातल्या बोलण्याचा’ आहे एवढंच त्यांना सांग. ‘ना’ शोधतेय हे काम संपल्यावर सांगितलंस तरी चालेल, फक्त ही योजना आधी मॅडमच्या कानावर घाल.

यापेक्षा चांगली वाट म्हणजे जुने मेसेज. भावंडांचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप असेल तर गेल्या वर्षभरातलं तुमचं लिखाण या सगळ्याच्या आधीचं आहे, त्याला कुणी नजर लावलेली नाही. रोमन अक्षरांत ‘एनए’ टाकून शोध आणि लगेच एक गंमत दिसेल. यातले निम्मे ‘ना’ आपले नसतील. इंग्रज मुलं ‘नो’ न म्हणता ‘ना’ म्हणतात, तोही ‘एनए’ किंवा ‘एनएएच’ असा लिहिला जातो. ‘ना आय कान्ट’ हा नकार, ‘कम ना’ ही विनवणी. म्हणजे नुसतं मोजून भागणार नाही, प्रत्येक मेसेज त्याच्या मागच्यापुढच्या ओळींसकट वाचावा लागेल. आणि नकाराचा ‘ना’ वाक्याच्या सुरुवातीला, आपला शेवटी, अशी वाटणी तुझ्या भावंडांत आपोआप झाली आहे का, की कधी घोटाळाही होतो? घोटाळा झालेला एखादा मेसेज मिळाला तर सोनं समज.

‘ना’ मराठीतूनच आला असं ठोकून देऊ नकोस. हिंदीत आहे, गुजरातीत आहे. तुझ्या गुजराती मैत्रिणीकडून आला असेल, हिंदी सिनेमांतून आला असेल. कुठून आला हा तुझा प्रश्नच नाही. इथे आल्यावर काय करतो, हा आहे.

आणि परीक्षा इंग्रजीची आहे हे विसरू नकोस. मराठी शब्द असलेले नमुने घ्यायला मॅडमची हरकत नाही ना, हे पहिल्याच भेटीत विचार. त्यांना शंका वाटली तर बोर्डाने शाळेला नेमून दिलेल्या सल्लागारांना त्या विचारू शकतात. आजीशी तू संपूर्ण मराठीत बोललेला भाग कितीही गोड असला तरी बाहेर ठेव. इंग्रजी वाक्य आणि त्यात शिरलेला एक पाहुणा, इतकंच तुझं रान.

फॉर्मवर काय लिहायचं? ‘इंग्लंडमधली मराठी घरातली भावंडं आपसातल्या इंग्रजी मेसेजमध्ये ‘ना’ वाक्यात कुठे आणि कशासाठी वापरतात?’ हे तुझ्या इंग्रजीत लिही. ‘मोठी माणसं ग्रुपवर असली की फरक पडतो का’ हा उपप्रश्न, जर तसा दुसरा ग्रुप असेल तर. नसेल तर सोड. पंधरा-वीस चांगले नमुने मिळाले तरी २००० शब्द अपुरे पडतील. आणि कृपा करून सहापैकी चारांचे ६७ टक्के करू नकोस. ‘सहापैकी चार’ हे जास्त प्रामाणिक दिसतं.

आता समज, नाहीच जमलं. भावंडं परवानगी देत नाहीत, किंवा तुलाच घर प्रकल्पात आणायचं नाही. तो ‘एम्बॅरसिंग’ तुझा आहे आणि मला तो मान्य आहे. बेन रॅम्पटन यांनी मिडलंड्समधल्या एका गावातल्या मुलांवर १९९५ मध्ये पुस्तक लिहिलं. त्यातली आशियाई मुलं स्वतःच भारतीय हेल काढून मुद्दाम मोडकं इंग्रजी बोलायची, मास्तरांची फिरकी घ्यायला. लाज, थट्टा आणि आपलेपणा यांचा गुंता तुझ्याआधीच्या पिढीतही होता. पण सतराव्या वर्षी कुणी तो वहीत मांडायलाच हवा असं नाही.

तर मग बाबांना कामाला लाव आणि क्रिकेट घे. बीबीसी रेडिओवरचं ‘टेस्ट मॅच स्पेशल’ १९५७ पासून चालू आहे. एका कसोटीतली एकच ओव्हर घे: रेडिओवर कशी सांगितली, टीव्हीवर कशी, आणि वेबसाइटवरच्या लाइव्ह मजकुरात कशी. रेडिओवाल्याला शांतता परवडत नाही. ‘इन ही कम्स’ म्हणत तो कर्त्याच्या आधी दिशा सांगतो, वर्तमानकाळात धावतो आणि चेंडू मेला की भूतकाळात येऊन गप्पा मारतो. टीव्हीवर चित्रच बोलत असतं. टीव्ही समालोचक रिची बेनो गप्प बसण्यासाठी नावाजले गेले ते उगाच नाही. लिहिणारा तर कर्ता आणि क्रियापद दोन्ही गाळतो: ‘शॉर्ट अँड वाइड. फोर.’ चार्ल्स फर्ग्युसन यांनी १९८३ मध्ये खेळांच्या समालोचनाच्या भाषेवर निबंध लिहिला, त्यांनी अमेरिकेतल्या समालोचनात टिपलेल्या खुणा इथल्या क्रिकेटमध्ये सापडतात का ते बघ. परवानगीची कटकट नाही, नमुने हवे तेवढे. माझ्या मते हा विषय ‘ना’पेक्षा सोपा आहे आणि थोडा कमी तुझा.

तू रेडिंगची आहेस म्हणून आणखी एक. जेनी चेशर यांचा १९८२ चा अभ्यास तुझ्याच गावातला आहे. त्या इथल्या अ‍ॅडव्हेंचर प्लेग्राउंडवर मुलांच्या टोळक्यांत बराच काळ वावरल्या आणि ‘आय गोज’, ‘वी हॅज’ अशी रेडिंगची खास क्रियापदं टिपली. त्यांना दिसलं की टोळक्याच्या रीतीभातींना जो जितका धरून, त्याच्या बोलण्यात ही रूपं तितकी जास्त. याच चेशर पुढे पॉल कर्सविल यांच्याबरोबर लंडनच्या हॅक्नी आणि हेव्हरिंग भागांत नव्या बहुवंशीय लंडन बोलीचा अभ्यास करणाऱ्या गटात होत्या. ‘आय गोज’ आज तुझ्या शाळेत कुणाच्या तोंडी उरलंय का, हाही एक प्रश्न आहे. पण त्याला रेकॉर्डिंग लागतं, आणि दहा मिनिटांच्या गप्पा कागदावर उतरवायला, कोण कुणाच्या बोलण्यात बोललं, किती थांबलं या सगळ्यासकट, अख्खी दुपार जाते. हे ऐकून जिचा उत्साह टिकेल तिनेच तिकडे जावं.

मेधाताई, आता परत तुमच्याकडे. मदत करता येत नाही असं लिहिलंत, ते मला पटलेलं नाही. लिखाणाला हात लावायचा नाही हे खरं. इंग्रजी सुधारून द्यायचं नाही, शिकवणीच्या सरांकडून तपासून घ्यायचं नाही. पण ‘ये ना’ आणि ‘ये की’ यांत काय फरक आहे, ‘सांगितलं ना’ कधी प्रेमाने म्हणतात आणि कधी रागाने, हे तिला तिच्या मॅडम सांगू शकणार नाहीत. तिने विचारलं तर सांगा. तुमचा अंदाज म्हणून ती तो नोंदवेल, मराठी बोलणाऱ्या माणसाचं मत म्हणून. ते रीतसर आहे. फक्त तिने विचारायच्या आधी सांगू नका, आणि जेवताना तिच्या ‘ना’वर हसू नका.

परवानगीचं काम मात्र आजच्या आज सुरू करा. ग्रुपमधल्या प्रत्येक भावंडाची हवी, सोळा वर्षांखालच्यांच्या आईवडिलांचीही हवी, आणि ती लेखी. नावांच्या जागी अक्षरं. शाळा, घराचा पत्ता, कुणाच्या आजारपणाचा उल्लेख असं सगळं गाळायचं. तुमच्या जावेला किंवा बहिणीला वाटू शकतं की मुलांचे मेसेज शाळेत कशाला दाखवायचे. तसं वाटलं तर गळ घालू नका. एखादाच जण ‘नको’ म्हणाला तरी त्याचे मेसेज बाजूला ठेवायचे. आजीचा कॉल रेकॉर्ड करायचा विचार असेल तर आजीलाही आधी नीट समजावून विचारायचं, ‘तिला काय कळतंय’ म्हणून गुपचूप बटण दाबायचं नाही. सुट्टी लागायच्या आत दोन-तीन जणांचे होकार आले तर फॉर्मवर ‘ना’ लिहा. नाही आले तर बाबांना म्हणावं, रेडिओ काढा.